कोडोलीचं फाटक

"समजा, तुमाला हितनं पळून जायचं हाय. कुठनं जाशीला?"

खोल्या भाड्यानं बघायला गेलेल्या माणसाला घरमालक असा प्रश्न विचारत नाहीत. पगार विचारतात, पाहुण्यांची ये-जा विचारतात, आणि आडनावावरून जे कळलं नसेल ते आडवळणानं काढून घेतात. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात नुकताच इतिहास शिकवायला लागलो होतो, लग्नही नुकतंच झालं होतं, आणि या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी पाठ करून गेलो होतो. हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. मी आजूबाजूला पाहिलं. गावाच्या टोकाला नव्यानं पडलेले प्लॉट, त्यातल्या एकावर मधोमध बैठं कौलारू घर, दारात शेवगा, मागं उसाचं रान आणि चारही बाजूंना नुसती हवा.

"कुठूनही," मी म्हणालो.

डॉक्टरनं नेमक्या दुखऱ्या दाढेला हात लावावा तसा म्हाताऱ्याचा चेहरा झाला. "तेच दुखणं हाय," ते म्हणाले, आणि खोल्या आम्हाला मिळाल्या.

रस्त्यावर आल्यावर सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "माणूस जरा येडं दिसतंय. पण नळ अंगणात हाय." ती शाहूवाडीकडची. तिच्या माहेरी पाणी बायकांच्या डोक्यावरून घरात येई. त्यामुळे अंगणात नळ असलेल्या घरात ती कुणाहीबरोबर राहायला तयार होती.

मालक तुरुंगखात्यातून निवृत्त झालेले. शिपायापासून चढत चढत जेलरपर्यंत पोचलेले. गल्ली त्यांना जेलरसाहेब म्हणे, आम्ही काका म्हणू लागलो. उंच, किंचित वाकलेले, मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा नसल्यामुळं त्यांचा उजवा हात कायम बेकार दिसे. बोलता बोलता तो कमरेकडे जाई, तिथं काही सापडत नसे, मग तो परत येई.

पण त्यांच्या घरात एकही कुलूप नव्हतं. कपाटाला नाही, ट्रंकेला नाही, बाहेरच्या दाराला नाही. गावाला जातानाही दार नुसतं ओढून घेत. मी एकदा विचारलं, "काका, चोर आला तर?"

"येऊ दे की. माझ्या वळखीचाच असणार."

दिवेलागणीला ते अंगणात उभे राहत आणि तुरुंगात रात्रीचा पहारा देतात तशी हाक देत, "सब ठीक?" घराच्या पोटातून, चुलीपाशी बसलेल्या काकींचा आवाज येई, "ठीक हाय!" मग ते चपला काढून आत जात. हे उत्तर आल्याशिवाय ते जेवायला बसत नाहीत, असं सुमननं मला सांगितलं. मला हे गमतीचं वाटलं. इतिहासाच्या माणसाला जुन्या खात्यांचे रिवाज गमतीचेच वाटतात.

कुंपण हा त्यांचा ध्यास होता. रोज सकाळी ते प्लॉटभर हिंडत. सुतळी ताणत, खुंट्या ठोकत, मैदानावर आखतात तशी पांढऱ्या फक्कीची रेघ ओढत, आणि दुसऱ्या दिवशी ती पायानं पुसून दुसरीकडे ओढत. दुसऱ्यांची कुंपणं बघायला ते सायकलवरून लांब लांब जात आणि खिन्न होऊन परत येत. आमच्या हाउसिंग सोसायटीच्या चेअरमननी आपल्या बंगल्याच्या फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसवले होते. काका म्हणाले, "सिंहांची तोंडं रस्त्याकडं हायत. चोर आत शिरला की दोघंबी पाठमोरं. असल्या पहाऱ्याला आमच्याकडं निलंबित करत्यात."

मला सुरुवातीला उमजेना, की ज्या घराला कुलूप नाही त्या घराला कुंपण कशाला. ते एका रविवारी कळलं. कुंपणाला सोसायटीची परवानगी लागे, म्हणून चेअरमन स्वतः प्लॉट बघायला आले होते. मीही शेजारी उभा होतो. चेअरमन सावकाश बोलत, कारण आपलं वाक्य कुणीतरी लिहून घेत असावं अशी त्यांची कायम समजूत असे.

"माझा आपणांस सल्ला असा आहे," ते म्हणाले, "की पुरुषभर उंचीची भिंत घालावी. वरती फुटक्या काचा लावाव्यात. शिवाय काटेरी तार."

"काचा?" काका म्हणाले. "आणि माझ्या बायकोचा हात कापला म्हंजे?"

काकांनी घराकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला. "चोराला आत यायला कोण आडवतंय? ती बाहेर जाती, तिला आडवायचं हाय."

मला माहीत नव्हतं. सुमनला माहीत होतं. बायका एकाच नळावर पाणी भरतात, त्यांना सगळं आधी कळतं. काकींना विसर पडायला लागला होता. आमटीत मीठ दोनदा पडे, किंवा पडतच नसे. सुमनला त्या कधी सुमन म्हणत, कधी वैनी. आणि दिवस कलायला लागला की कधीतरी त्या लुगडं नीट करत, एक गठुडं बांधत आणि म्हणत, "कोडोलीला जाऊन येतो." कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल असंच जातो-येतो बोलतात. कोडोली हे त्यांचं माहेर, पन्हाळ्याच्या बाजूला. एस.टी.नं जायचं गाव. पण त्या चालत निघत. उसाचा हंगाम होता. पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर कारखान्याकडे जाणारे ट्रक एकामागं एक धावत, आणि एकदा एका ट्रकवाल्यानं काकींना वाचवायला गाडी शेतात घातली होती. काका त्यांना प्रत्येक वेळी गाठून परत आणत. पण त्यांचेही गुडघे निवृत्त होत चालले होते.

चेअरमन म्हणाले, "मग सरळ खोलीला बाहेरून कडी घालावी."

काकांचा उजवा हात कमरेकडे गेला आणि तिथंच राहिला. "साहेब, उभी हयात मी दुसऱ्यांच्या बायकांचे नवरे कोंडले. सरकारनं सांगितलं म्हणून कोंडले. आता माझी बायको कोंडू व्हय?"

चेअरमननी परवानगी दिली. माझ्या माहितीत त्यांनी भाषणाशिवाय दिलेली ती एकमेव गोष्ट.

त्यानंतर मी काकांची आखणी वेगळ्या नजरेनं बघू लागलो. तुरुंग बांधणाऱ्याचं सगळं ज्ञान वापरून त्यांना तुरुंग न वाटणारी वस्तू बनवायची होती. भिंत नको, कारण भिंत दिसली की पलीकडं काय आहे ते माणसाला बघावंसं वाटतं. काटे नकोत. तार हवी, पण तार दिसता कामा नये. ते स्वतः हातात गठुडं घेऊन, काकींच्या चालीनं, अंगणातून निघत आणि पाय कुठं वळतात ते बघत. तो उंच मिशाळ माणूस लुगड्याचा घोळ सांभाळल्यासारखा चालायला लागला की समोरून दूध घालायला येणारा भैरू गवळी तोंडात मुंडाशाचा शेव कोंबून हसे. एकदा त्यांनी मलाही सुतळीच्या हद्दीतून "पळून" जायला लावलं. मी पडलो. ते म्हणाले, "प्राध्यापक, तुमी कैदी म्हणून फार बरे निघाला असता."

शेवटी कुंपण झालं. खाणीवरून दगडी खांब आले, गाडीवानानं आणि भैरूनं पहारीनं खड्डे घेतले, काकांनी एकेका खांबाला ओळंबा लावून बघितला. खांबाखांबांतून गुळगुळीत तार, आणि तारेला धरून कोयनेलच्या झुडपांची दाट मेंढी. ज्या कोपऱ्यांतून काकींचे पाय बाहेर वळायचे तिथं त्यांनी मोगरा लावला आणि अबोली लावली. "कोपऱ्यावर पहारेकरी पायजेच," ते म्हणाले. काकी फुलं दिसली की थांबत, हे त्यांना लग्नापासून माहीत होतं.

फाटक एकच. "एक दार म्हंजे एका माणसाची नोकरी. दोन दारं, दोन नोकऱ्या. आपल्याकडं माणूस एकच." आणि त्या फाटकाची कडी बाहेरून होती. आतून हात घालून ती सापडू नये अशी खाली, मेंढीच्या आड. आम्हाला सवयीनं सापडे, काकींना ती शिकवलीच नव्हती.

चेअरमननी उद्घाटनाचा आग्रह धरला. त्यांना शेवग्याला पाणी घालायचं असतं तरी त्यांनी आधी नारळ फोडला असता. नुकतंच युद्ध होऊन गेलं होतं, त्यामुळं कुंपणावरून देशाच्या सीमांवर जाणं सोपं होतं. गल्ली फाटकाबाहेर उभी, चेअरमन हार घालून फाटकाला पाठ लावून उभे. ते सीमांवर गेले, तिथून जवानांवर गेले, आणि परत येऊन म्हणाले, "या कुंपणातून आता मुंगीसुद्धा बाहेर जाणार नाही." तेवढ्यात त्यांच्या मागं, आतल्या बाजूनं, काकी येऊन उभ्या राहिल्या. हातात गठुडं.

"जरा सरकतासा का? मला कोडोलीला जायचंय."

चेअरमन वळले. त्यांनी हात जोडले. "नमस्कार काकी, या की, या," म्हणाले, वाकून कडी काढली, फाटक पूर्ण उघडलं आणि हारासकट बाजूला झाले. काकी गर्दीतून रस्त्याला लागल्या. गर्दीनंही अदबीनं वाट दिली. काका धावले तेव्हा कुठं लोकांच्या ध्यानात आलं की नेमकं काय झालं.

"हात आपोआप गेला ओ," चेअरमन मला म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं साधं वाक्य. "म्हातारी बाई फाटकात उभी हाय आणि आपण बघत बसायचं, हे कसं जमंल?"

आणि ते कुणालाच जमेना. कुंपणात खोट नव्हती, माणसांत होती. काकी फाटकापाशी उभ्या राहत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत, "बाळा, तेवढी कडी काढ रं." बाळ मग पोस्टमन असो, भंगारवाला असो, वाट चुकलेला पाव्हणा असो, तो सायकल टेकवून कडी काढे आणि वर विचारी, "कुठवर सोडू आजी?" काकांनी पाटी रंगवून लावली : फाटक उघडू नये. त्यानंतर दोनच दिवसांत भैरूनं उघडलं.

"पाटी वाचली न्हाईस?" काका ओरडले.

"वाचली की. काकी म्हणाल्या, ती परक्यांसाठी हाय. मग मला परका म्हणायचं काय?"

काका शेवग्याखाली बसले. मग मला म्हणाले, "तुरुंगात माझं फाटक एकदाबी असं उघडलं न्हाई. तिथलं काम सोपं होतं, प्राध्यापक. तिथं माणसं वाईट होती."

जे व्हायचं ते एका दुपारी झालं. सुमन बाजारात गेलेली, मी नुकताच कॉलेजातून आलो होतो, काकांचा जेवणानंतर डोळा लागला होता. त्या दिवशी त्यांनी दुपारीच हाक दिली. "सब ठीक?" मी खिडकीतून पाहिलं. ते अंगणात उभे, पायांत चपलाही नाहीत. त्यांनी परत हाक दिली. मग चुलीपाशी जाऊन आले आणि तिसऱ्यांदा दिली, फार हळू, जवळ उभ्या असलेल्या माणसाला विचारावं तशी.

नंतर कळलं ते असं. कुणा सायकलवाल्यानं कडी काढली. एका टांगेवाल्यानं "चालत कुठं जातासा आई" म्हणून त्यांना स्टँडवर नेऊन सोडलं. तिथं कंडक्टरनं हाताला धरून गाडीत चढवलं, खिडकीजवळची जागा दिली. अख्ख्या कोल्हापूरनं मिळून, अतिशय आपुलकीनं, त्यांना हरवायची व्यवस्था केली होती.

आम्ही पुढच्या गाडीनं निघालो. काकांनी दुसरीकडं शोधायचा विचारही केला नाही. गाडीत ते एकच म्हणाले, "तिथं आता कोण न्हाई. तिला ते ठावं न्हाई." काकींचे दोन्ही भाऊ आणि त्यांच्या बायका केव्हाच वारल्या होत्या. भाच्यानं घर विकलं होतं.

घराच्या जागी खताचं दुकान होतं. पोत्यांची थप्पी, वजनकाटा, आणि दुकानाच्या पायरीवर काकी. गठुडं मांडीवर, पदर डोक्यावरून घेतलेला, पाहुणी बसते तशा अंग चोरून. दुकानदारानं त्यांना चहा दिला होता. तो बिचारा मगापासून विचारत होता, "आजी, तुमी कुणाकडचं पाव्हणं?" आणि त्या सारखं एकच उत्तर देत होत्या, की हे आमचंच घर. उन्हं उतरली होती.

काकांना बघून त्या रडल्या नाहीत. तक्रार केल्यासारखं म्हणाल्या, "एवढ्या लांबनं आलो ओ. कुणी या म्हणालं न्हाई."

काका त्यांच्याशेजारी पायरीवर टेकले. मग त्यांनी गठुडं उचललं आणि म्हणाले, "चल. चुकीच्या गाडीनं आलीस."

मला वाटलं होतं की आता कुलूप येणार. दुसऱ्या दिवशी सकाळी पहारीच्या आवाजानं मी जागा झालो. आमच्या खोल्या घराच्या मागच्या अंगाला होत्या. खिडकीतून पाहिलं तर काका आपणच उभारलेल्या कुंपणाचा एक खांब उपटत होते.

"एक दार, एक नोकरी," मी बाहेर जाऊन आठवण दिली.

"चूक झाली," ते म्हणाले. "नुसतं जायचं दार केलं. पोचायचं केलंच न्हाई."

मग ते परत कोडोलीला गेले आणि संध्याकाळी एस.टी.च्या टपावर एक फाटक घालून आले. काकींच्या माहेरच्या गोठ्याचं, बाभळीच्या फळ्यांचं, खताच्या दुकानामागं पडलेलं. लाकूड उन्हापावसानं करडं झालं होतं आणि मधल्या फळीला गुरांनी अंग घासून घासून गुळगुळीतपणा आला होता. लगेज म्हणून त्याचं काय करायचं यावर कंडक्टरशी त्यांचा वाद झाला होता म्हणे. कंडक्टर म्हणाला, "हे कशात बसवू? कुठल्या नियमात बसतंय?" काका म्हणाले, "नियमात न्हाई, टपावर बसव."

ते फाटक आमच्या खोल्यांच्या समोर, मागच्या मेंढीत बसलं. त्याचीही कडी बाहेरूनच. त्याच्या आत काकांनी एक बाज टाकली, पाण्याचा रांजण ठेवला. मग ते सुमनला कामगिरी समजावून सांगायला लागले, पहारा बदलताना सांगतात तशी. आधी काय म्हणायचं, नंतर काय म्हणायचं.

सुमननं पदर खोचला. "काका, मला शिकवू नगा. मला दोन नणंदा हायत."

माझं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी मी दिलं. म्हणालो, "काका, ही फसवणूक नाही का? तिथं नसलेलं आहे म्हणायचं."

"तुमी वर्गात पन्हाळ्याचा वेढा सांगता," ते म्हणाले, "तवा पोरांना पाऊस ऐकू येतो का न्हाई?"

कधी कधी येतो, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि तंबाखू मळायला घेतली. विषय संपला.

त्यानंतर दिवस कलताना काकींनी गठुडं बांधलं की काका काळा कोट चढवत आणि टोपी घालत, कारण सासुरवाडीला उघड्या डोक्यानं जायचं नसतं. दोघं पुढच्या फाटकातून बाहेर पडत. गल्लीतून, मग उसाच्या कडेच्या बांधावरून, हळूहळू. वाटेत भैरू भेटे. "कुठं निघालासा काकी?" "कोडोलीला." "बरं बरं. जाऊन या सावकाश." चेअरमन फिरायला निघालेले असत, तेही थांबून विचारत, "कोडोलीकडं पाऊसपाणी कसं आहे?" काकी सांगत. आणि बांधाच्या टोकाला ते करडं फाटक येई. काकी मधल्या फळीवरून हात फिरवत. तो हात तिथं न चुकता जाई, काकांचा कमरेकडे जाई तसाच.

आतून सुमन धावत येई. "आलासा व्हय वन्सं! किती दिसांनी! या, या की दाजी." भाकरीचा तुकडा आणि पाणी दोघांवरून ओवाळून ती उसात भिरकावी. पायांवर पाणी घाली. काकी बाजेवर बसून गठुडं सोडत. त्यात भाचरांसाठी आणलेलं भडंग असे. भाचरं घरात नसल्यानं ते मी खात असे. इतिहासाच्या सेवेत मी एवढं भडंग कधी खाल्लं नव्हतं.

मग गप्पा. म्हशीचं दूध, कुणाचं लग्न, कुणाची सासू. सुमन शाहूवाडीच्या गोष्टी कोडोलीच्या म्हणून सांगे आणि त्या कुठंही अडत नसत. उजेड कमी व्हायला लागला की काकी उठत.

"आज वस्तीला ऱ्हावा की वन्सं," सुमन म्हणे. माहेरात हे म्हणावंच लागतं.

"नगं बाई. घरात कोण न्हाई. आमचं ह्ये वाट बघत असतील," काकी सांगत, आणि आमचं ह्ये शेजारीच टोपी सारखी करत उभे असत. मग दोघं परत बांधावरून, गल्लीतून, पुढच्या फाटकानं आपल्या घरी. थोड्या वेळानं अंगणातून हाक येई, "सब ठीक?" आणि आतून उत्तर येई. मोठ्या रस्त्याकडे काकी नंतर कधी गेल्या नाहीत. फाटकावरची पाटी काकांनी उतरवून बंबात घातली.

एकदा काका चुन्याची डबी आणायला आमच्या खोलीत आले असताना, बाजेवर बसलेल्या काकींनी सुमनला जवळ ओढलं. त्या दिवशी त्यांचा चेहरा अगदी निवळ होता. "सुमन," त्या म्हणाल्या, नाव बरोबर घेऊन, "मला ठावं हाय गं ह्ये कोडोली न्हवं. पर त्यास्नी सांगू नगंस. एवढा कोट घालून येत्यात." मग काका बाहेर आले आणि काकी म्हणाल्या, "वैनी, औंदा भात कसा हाय?"

हे सुमननं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. काकांना तिनं कधीच सांगितलं नाही. आणि काकांना ते माहीत नव्हतं असंही मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. माणसाचं तोंड बघून तो आत काय लपवतोय हे ओळखण्याचीच त्यांनी सगळी नोकरी केली होती.

काकी घरातच गेल्या. अंथरुणात, उजाडता उजाडता, कुठंही न जाता. काकांना हवं होतं तसंच झालं, पण ते बघायला मागं उरलेल्या माणसाला त्याचं समाधान वाटत नाही. कार्य आटोपलं. चेअरमन भेटायला आले, या वेळी हळू बोलले, आणि जाताना म्हणाले की आता कुंपणाचं काम उरलं नाही, मेंढी जरा मागं घेतली तर बांधाची वाट रुंद होईल. काका म्हणाले, "बघू."

दिवेलागणीची हाक बंद झाली. ती वेळ आली की ते अंगणात येत, उभे राहत, आणि तसेच आत जात. सुमन ताट नेऊन ठेवी. सकाळी ते बरंचसं तसंच परत येई. ती म्हणे, "ह्यास्नी कोणतरी काहीतरी म्हणायला पायजे." पण काय म्हणायचं ते आम्हाला दोघांनाही सुचत नव्हतं. मेंढी वाढून वेडीवाकडी झाली, मोगऱ्याची फुलं झाडावरच पिवळी पडायला लागली.

एका संध्याकाळी मी खिडकीशी पेपर तपासत बसलो होतो आणि सुमन चुलीवर भाकरी टाकत होती. पुढचं फाटक वाजलं. मला वाटलं, काका गावात निघाले असतील, बरं झालं. मग पुष्कळ वेळानं, ती वाट त्या वयाच्या माणसाला जेवढा वेळ घेते तेवढ्या वेळानं, मागच्या मेंढीवर एक काळी टोपी दिसली.

ते कोडोलीच्या फाटकाबाहेर उभे होते. काळा कोट, हातात काकींचं गठुडं. कडी त्यांच्याच बाजूला होती. हात लांब केला असता तर उघडली असती, पण ते हात लांब करत नव्हते. खाली बघत नुसते उभे होते.

मी उठलो. "काका, अहो, कडी तुमच्याच..."

सुमननं पिठाचा हात वर करून मला गप्प केलं. तव्यावरच्या भाकरीचा तुकडा मोडला, रांजणातून तांब्या भरला, डोक्यावरून पदर घेतला आणि ती गेली. फळ्यांवरून हात घालून तिनं बाहेरची कडी काढली.

"या दाजी," ती म्हणाली. "एकलंच आलासा?"

"व्हय," काका म्हणाले. त्यांनी गठुडं दुसऱ्या हातात घेतलं. "या खेपंला एकलाच."

तिनं तुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं, उसात भिरकावलं. पायांवर पाणी घातलं. ते बाजेवर नेहमीच्या जागी बसले, शेजारची जागा मोकळी ठेवून. गठुडं सोडलं, त्यात भडंग होतं. ते त्यांनी माझ्यापुढं केलं आणि मी खाल्लं. सुमन भात कसा आहे ते सांगत राहिली, कुणाची म्हैस व्याली ते सांगत राहिली. काका ऐकत होते. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली, मग उरलेली अर्धीही खाल्ली. उजेड कमी झाला तसे ते सवयीनं उठले, टोपी सारखी केली, पुढं काय म्हणायचं असतं ते त्यांच्या ओठांवर आलं, आणि तिथंच थांबलं.

"आज वस्तीला ऱ्हावा की दाजी," सुमन म्हणाली.

त्यांनी फाटकाकडे बघितलं. मग टोपी काढून बाजेवर ठेवली.

"ऱ्हातो," ते म्हणाले.